तिसरा ठोकळा

"दोन चुकले की थांबायचं," खारूनं ग्रंथालयातल्या बाईंना सांगितलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून ती शांत बसली.

मुलांच्या खोलीत एक बुटकं गोल टेबल होतं, त्यावर जहाजाच्या चित्राचे तुकडे पसरलेले असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलानं एखादा तुकडा बसवायचा आणि आपल्या वाटेनं जायचं, अशी तिथली पद्धत. जहाज महिनाभरात पुरं व्हायचं, मग बाई ते मोडून दुसरं काहीतरी मांडायच्या. खारूनं निळा तुकडा उचलला, आभाळात लावून पाहिला, बसला नाही. दुसरा उचलला, पाण्यात लावून पाहिला, तोही बसला नाही. बाईंनी गळ्यातल्या दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला. "अगं, आणखी बघ की. एवढ्यात दमलीस होय?" "दमले नाही," खारू म्हणाली, आणि पायातल्या बुटाचं माप सांगावं तसं तिनं सांगितलं, "मला एक्याऐंशी आहेत." बाई हसल्या. "एक्याऐंशी काय गं, दात?" खारूही हसली, समोरचं मोठं माणूस हसतंय तर आपणही हसावं म्हणून. तिचा मामा मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. त्याला हसू आलं नाही. कानशिलं तापली, आणि भर दुपारी, लख्ख उजेडात, चार अनोळखी मुलांसमोर कुणीतरी आपले कपडे काढून घेतलेत असं त्याला वाटलं.

एक्याऐंशीचं तो समजून होता. तो आकडा घरात फिरतोय, पोरीच्या कानावर गेला असणार, हे त्यानं मनाच्या कोपऱ्यात कधीचं ढकलून ठेवलं होतं आणि वर चार जड पुस्तकं रचली होती. पण ‘दोन’? दोन हा आकडा त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. दोन ही त्याची चूक होती. त्यानं तिची जी बुद्धिमापन चाचणी घेतली तिच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ठोकळ्यांच्या लागोपाठ तीन रचना चुकल्या की मग थांबावं. तो दोनवर थांबला होता. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या मार्गदर्शक मॅडमना सोडून जगात कुणाला ठाऊक नाही अशी त्याची खात्री होती, आणि इथे ही आठ वर्षांची पोर त्याची चूक शाळेतल्या प्रार्थनेसारखी पाठ करून बसली होती.

शालेय मानसतज्ज्ञ होण्याच्या अभ्यासक्रमाचं त्याचं हे दुसरं वर्ष. नात्यागोत्यात त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, पण त्याला ती थट्टा गोड लागायची. विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर विभागात एक लोखंडी कपाट होतं, त्यात काळ्या पेट्यांत चाचण्या ठेवलेल्या. पेटी न्यायची तर वहीत सही करायची, आणताना ठोकळे मोजून द्यायचे. पहिल्या वर्षी प्रत्येकानं सरावासाठी पाच मुलं स्वतः शोधून आणायची असत. मग काय, वर्गातले सगळे शेजारीपाजारी, भाचे-पुतणे हुडकत फिरायचे. मुलांना बिस्किटांचं आमिष, पालकांना गोड बोलणं. पालकांकडून एका कागदावर सही घ्यायची, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे की ही शिकाऊ माणसानं घेतलेली चाचणी आहे, हिचा निकाल कुणालाही सांगितला जाणार नाही. खारू त्याची पाचवी. घरचीच म्हणून शेवटी ठेवलेली. खरं नाव वेगळंच, पण झाकणं, नटबोल्ट, बिया, पेन्सिलीचे तुकडे, सापडेल ते खिशात कोंबायची म्हणून तिची खार झाली आणि लाडानं खारू. चाचणीच्या दिवशीही तिच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं आणि त्यानं, आवाजानं लक्ष विचलित होतं म्हणून, तिला खिसे रिकामे करायला लावले होते. एक एक वस्तू तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडली. तिचं तोंड तेव्हाच उतरलं होतं. तेही आता आठवलं.

"मामा, जायचं?" खारूनं विचारलं. तो उठला. खुर्ची त्याच्यासोबतच उठली, कमरेत अडकली होती, आणि यावेळी खारूसकट सगळी पोरं मनापासून हसली.

रस्त्यावर नेहमीसारखं ऊन होतं. फुटपाथ खोदून ठेवलेला, त्याच्या कडेनं लोक एकामागे एक चालत होते. खारूनं हात त्याच्या हातात दिला होता. तिचा तळवा लहान आणि किंचित चिकट होता, आणि त्याला त्या दिवशीचा हात आठवला. लाल-पांढरे ठोकळे, चित्रात दाखवलेली नक्षी ठोकळ्यांतून जुळवायची. पहिल्या काही तिनं पटापट जुळवल्या. मग एक चुकली. मग आणखी एक चुकली, म्हणजे वेळ संपली तेव्हा एक ठोकळा फिरवायचा राहिला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत आले होते, सहाच्या आत पेटी परत केली नाही तर विभागातला कपाटवाला कारकून तोंड सोडायचा. पण घड्याळाचं निमित्त झालं. खरं असं की त्याचं मन ठरून गेलं होतं. ही इथवरच. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, त्यानं तर शितही नीट चेपून पाहिलं नाही. त्यानं ठोकळे गोळा करायला हात पुढं केला. तिचा हात अजून ठोकळ्यांवरच होता. बाजूला काढताना तो किंचित चिकटून राहिला. "थांब ना मामा, पुढचं," ती म्हणाली. आणि त्यानं पुस्तिकेत छापलेलं वाक्य, पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रसन्न सुरात म्हटलं, "छान. आता आपण दुसरं काहीतरी करू." घरी पोचेपर्यंत स्वतःवर खूश होता तो, की सूर किती बरोबर लागला.

सिग्नलला उभं राहिल्यावर खारू वाकून काहीतरी उचलायला लागली. बाटलीचं झाकण होतं. तिनं ते पाहिलं आणि परत टाकून दिलं. "घे की," तो म्हणाला. "नको," ती म्हणाली, "आई म्हणते, राहू दे, मी तुला विकतचं आणून देईन." ताई आता सगळंच आणून देत होती. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. गेले तीन महिने ताई पोरीला रागवत नव्हती. आधी तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा, हस्ताक्षरावरून, सांडलेल्या दुधावरून, आणि खारू तिच्याशी तावातावानं भांडायची. आता ताई तिच्याशेजारी बसून हळू आवाजात गणितं स्वतःच सोडवून द्यायची आणि खारूनं ती नुसती उतरवून काढायची. घर कसं शांत झालं होतं. भावोजी म्हणायचे, बायकोला देवानं सुबुद्धी दिली. मामानंही मान डोलावली होती.

सुबुद्धी कुठून आली ते त्याला माहीत होतं. चाचणीनंतरच्या रविवारी ताईकडे जेवायला बसला होता. भावोजींनी विचारलं, "काय डॉक्टर, किती मार्क पडले आमच्या पोरीला?" तो म्हणाला, सांगता येत नाही, नियम आहे. ते ऐकून भावोजींनी भुवया उंचावल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा त्यानं नाही म्हटलं, पण दुसऱ्यांदा नाही म्हणताना त्याला जाणवलं की सगळं टेबल आपल्याकडे पाहतंय. असं टेबलानं त्याच्याकडे पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. ताईनं नुसतं भाजीचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं आणि तोच बोलला, "तुमच्यातच ठेवा हं. एक्याऐंशी." उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ताईचं तोंड उजळलं. "एक्याऐंशी? अरे वा!" ती भावोजींकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? एक्याऐंशी टक्के. मला जन्मात कधी पन्नासच्या वर पडले नाहीत." ती हसत होती, तिनं ओल्या हातानं डोळ्यांवरचे केस मागे सारले. तेव्हा त्यानं गप्प बसायला हवं होतं. माणसाच्या हातून चूक होते, पण चुकीतून आपोआप काही चांगलं घडत असेल तर तिथं तरी तोंड बंद ठेवावं. पण तो शिकलेला. "नाही ताई," तो म्हणाला, "हे टक्के नसतात. यात शंभर म्हणजे सर्वसाधारण. एक्याऐंशी म्हणजे बरंच खाली." आणि बोटानं ताटात रेघ ओढून त्यानं तिला दाखवलं, इथे शंभर, इथे आपली खारू. ताई त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं त्याचं ताट उचललं आणि धुवायला नेलं. जेवण व्हायचं होतं त्याचं. खारू बाजूच्या खोलीत होती, दार उघडं होतं.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, पंधरा दिवसांनी मॅडमनी ते नोंदपत्रक तपासून परत दिलं. हिरव्या शाईनं ठोकळ्यांच्या रकान्याभोवती गोल केलेला, समासात लिहिलेलं, ‘दोनवर का थांबलात? निकाल ग्राह्य नाही.’ वीसपैकी चार गुण कापलेले. तो त्यांच्या खोलीत गेला तो चार गुणांसाठी. आता चालता चालता त्याला त्या भेटीतला आपला आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा त्यानं खारूचा हात सोडला आणि रुमालानं मान पुसली. तो म्हणाला होता, एका रचनेनं असा काय फरक पडणार, मॅडम? मॅडम पाणी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला. "पडेल किंवा पडणारही नाही. तुम्हाला कळायला मार्ग नाही, कारण तुम्ही पाहिलंच नाहीत." तो म्हणाला, सरावाचीच तर होती. "चाचणी सरावाची," त्या म्हणाल्या. "मुलगी कुणाची तरी असेल ना? तिला कुणी काही सांगितलं तर नाहीये?" "छे, छे," तो म्हणाला. सहज म्हणाला. इतकं सहज, की जिना उतरताना त्याच्या डोक्यात फक्त चार गुण होते, त्यातले दोन तरी परत मिळायला हवे होते याची चरफड होती. खारू त्या दिवशी एकदाही मनात आली नाही. आज लाज वाटत होती ती त्या खोट्याची नव्हती, खोटं काय, माणूस घाबरला की बोलतो. लाज त्या चरफडीची वाटत होती.

पण लाजेलाही तळघर असतं, तिथं उतरायचं तो टाळत होता. ताई त्याच्यापेक्षा वर्षानं मोठी. चौथीत ती नापास झाली आणि बहीणभाऊ एका वर्गात आले. मास्तरांना कोण आनंद. एका घरातली दोन उदाहरणं, एक चांगलं आणि एक वाईट, आयती मिळाली. ताई सकाळी त्याच्या बुटाची नाडी बांधून द्यायची, रस्ता ओलांडून द्यायची, आणि वर्गात शिरलं की तो पहिल्या बाकावर जायचा, ती शेवटच्या. रात्री जेवताना वडील तोंडी हिशेब घालायचे. ताई टेबलाखाली बोटं मोजायची, त्याला तिच्या बोटांची हालचाल दिसायची. एकदा तिचं उत्तर येत होतं. ओठांचा आकार झाला होता, अगदी पहिलं अक्षर दिसत होतं, आणि त्यानं चटकन उत्तर देऊन टाकलं. वडील म्हणाले, "शाब्बास," आणि तिला म्हणाले, "पालथा घडा आहेस." तिनं बोटं मोजायचं तेव्हापासून सोडून दिलं, असं त्याला वाटायचं, की हे त्यानं आत्ताच रचलं, ते सांगता येणार नाही. आता ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडकापणीच्या टेबलावर होती. कागदी साचे कापडावर अशी काही फिरवून बसवायची की चिंधी उरायची नाही. तिथला मुकादम नव्या मुलींना म्हणे तिच्या शेजारी उभं करायचा. हे त्याला कधीच ठोकळ्यांसारखं वाटलं नव्हतं. आणि त्या रविवारी ताटात रेघ ओढताना, त्याच्या छातीत कुठंतरी, खोलवर, जुन्या ओळखीचं काहीतरी ऊबदार हललं होतं. म्हणजे अजून तसंच आहे तर. मी पुढच्या बाकावर, ती मागच्या, आणि तिची मुलगीही. हे असं शब्दांत त्यानं मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं. आज म्हटलं तेव्हा ताईच्या घराचा जिना आला होता, आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. खारू दोन पायऱ्या वर जाऊन त्याची वाट पाहत थांबली.

ताई स्वयंपाकघराच्या टेबलाशी कागद घेऊनच बसली होती. "बरं झालं आलास," ती म्हणाली. "हे जरा बघ." शाळेचं छापील पत्रक होतं, मुलाला मंदगतीच्या गटात घालण्यासाठी पालकांची संमती. सगळे रकाने तिच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरांत भरलेले. फक्त ‘कारण’ असं लिहिलेल्या चौकटीत काही नव्हतं. "सोमवारी द्यायचंय. मीच जाऊन बोलले तिच्या वर्गाच्या बाईंशी. त्या म्हणाल्या, इतकी काही मागे नाही, पण तुमचा आग्रह असेल तर. म्हटलं, आहे आग्रह. तिथे कुणी तिला उभं करणार नाही, कुणी हसणार नाही. माझं झालं ते झालं." तिनं पेन पुढं केलं. "कारण तू लिही. तुला नीट शब्द येतात."

खारू बाहेरच्या खोलीत गेली होती. त्यानं पेन घेतलं. एक क्षण, खोटं कशाला बोला, एक क्षण त्याच्या मनात आलं की गुळमुळीत काहीतरी लिहावं, ‘सध्या आवश्यकता वाटत नाही’ असं, आणि ताईला समजावून पत्रक फिरवावं. तज्ज्ञ म्हणून. त्याचं तिनं ऐकलंच असतं. सगळं निभावलं असतं आणि तो होता तिथंच, पहिल्या बाकावर राहिला असता.

"ताई, तो आकडा खरा नाही," तो म्हणाला.

"कुठला?"

"एक्याऐंशी. मी चाचणी अर्धवट घेतली. तिसरं द्यायचं होतं, मी दोनवर थांबलो. ती म्हणत होती थांब, मी हातातून ठोकळे काढून घेतले."

ताईनं विचारलं, "तिसरं दिलं असतंस तर आलं असतं तिला?"

"माहीत नाही."

"म्हणजे एक्याऐंशी नाही, मग किती?"

"माहीत नाही, ताई. आणि पूर्ण घेतली असती तरी सांगायला नको होतं. तुमच्याकडून तशी सही घेतली होती मी."

"हे तुला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे तो जिन्यातच समजून चुकला होता. "अडीच महिने झाले."

"अडीच महिने," ताई म्हणाली. तिनं टेबलावरचा पत्रकाचा कोपरा नखानं सरळ केला, तो सरळच होता. "मी रोज तिची गणितं करते. रोज. रागवायला येतं आणि मी गिळते. काल ती म्हणाली, आई, तू आता माझ्यावर ओरडत नाहीस, मी आजारी आहे का?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि आज का सांगतोस?"

त्यानं ग्रंथालयातलं सांगितलं. दोन तुकडे, मांड्यांखाली घातलेले हात. सांगताना त्याला ताईकडे बघवेना, म्हणून तो ‘कारण’ असं लिहिलेल्या चौकटीकडे बघत बोलला.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "मी टक्के समजले त्या दिवशी. तू मला रेघ काढून दाखवलीस. बाबा दाखवायचे तशी. तुला तेव्हा बरं वाटलं होतं का रे?"

नाही म्हणायला काही लागत नव्हतं. मॅडमना छे, छे म्हणालाच होता की.

"हो," तो म्हणाला.

"वाटलंच मला. तुझं तोंड बघितलं होतं मी." ती उठली, नळ सोडून तिनं पेलाभर पाणी घेतलं आणि ते न पिता तसंच ओट्यावर ठेवलं. परत आली तेव्हा तिनं पत्रक त्याच्यासमोर सरकवलं. "लिही आता. कारण: मामाने चाचणी अर्धवट घेतली आणि निकाल घरात सांगितला. खाली सही कर, तुझं कॉलेज लिही. सोमवारी मी हेच नेऊन देते बाईंना. त्यांना कळू दे मी का आग्रह धरला होता, आणि का सोडला."

हे विभागात पोचायला आठवडा लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं. शाळेच्या बाई फोन करतील, मॅडम हिरव्या शाईचं पेन बाजूला ठेवून ऐकतील. वर्ष जाईल, कदाचित सगळंच जाईल. तिला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानं लिहिलं. चौकट लहान होती, शेवटचे शब्द समासात गेले. ताईनं वाचून पाहिलं, एक एक शब्द, ओठ हलवत, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. नंतर म्हणाली, "चहा घेणार आहेस का?" तो नको म्हणाला, तरी तिनं आधण ठेवलं.

बाहेरच्या खोलीत जमिनीवर फुलाफुलांच्या कापडाचा तुकडा पसरलेला होता आणि त्यावर बाहुलीच्या झग्याचे कागदी साचे. कारखान्यातून उरलेलं कापड ताई पोरीसाठी आणायची. आधी खारू स्वतः साचे मांडायची, तीन महिने ताईच मांडून द्यायची. आज ताई आत होती म्हणून असेल, खारू एकटीच त्या कापडासमोर बसली होती. मामा येऊन तिच्यापुढं जमिनीवर बसला. तिनं बाहीचा साचा कापडाच्या कोपऱ्यात ठेवला. कापड अपुरं पडलं. तिनं तो कडेला ठेवून पाहिला. तिथेही टोक बाहेर गेलं. तिनं साचा खाली ठेवला आणि तिचे हात सवयीनं मांड्यांखाली गेले. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती चाचणीच्या दिवशीच्या त्या वाक्याची वाट पाहत होती. ते वाक्य त्याच्या जिभेवर होतं, प्रसन्न सुरासकट.

दारात ताई येऊन उभी राहिली होती, हातात दोन कप. तिनं कप खाली ठेवले आणि साचा फिरवून देण्यासाठी वाकली. वाकली आणि तशीच थांबली, मग पदर सावरल्यासारखं करून सरळ झाली.

"दोन झाले, मामा," खारूनं आठवण करून दिली.

"हो. मी बसलोय," तो म्हणाला, आणि आपले हात मांड्यांखाली घातले.

चहावर साय धरली. मग खारूनं एक हात बाहेर काढला, साचा उचलला आणि कापडाच्या मधोमध ठेवला. तिथेही तो बसला नाही. तिनं पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथून काहीच येत नाही असं दिसल्यावर तिनं दुसराही हात बाहेर काढला आणि तोच साचा उलटा करून पाहायला घेतला.